राय ओळखणारा माणूस

सोमवारी सकाळी वेलिकानं पेटीतून काळा झगा काढला, तेव्हा रांगेल दाढी करत होता. आरशात त्याला तिची पाठ दिसली. आई गेली तेव्हा वर्षभर घातलेला झगा होता तो. त्याच्यामागून काळा रुमाल निघाला, मग काळे लोकरी मोजे निघाले.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. बिस्त्रानं सांगितलंय, गडद कपडे घालून या म्हणून. फिक्या कपड्यांवरचा उजेड पिकावर उडतो आणि यंत्र चुकतं."

"दुसरं काही गडद नाही तुझ्याकडे?"

"नाही. तू कधी आणलंस?"

रांगेलनं वस्तरा थांबवला. "नवरा जिवंत असताना काळं घालून गावातनं जाणार तू."

"नवरा जिवंत आहे हे गावाला ठाऊक आहे, रांगेल. रोज दुपारी मिन्चोच्या गुत्त्यात दिसतो की." तिनं रुमाल हनुवटीखाली गाठ मारून बांधला, पाव आणि पांढऱ्या चीजची पुरचुंडी उचलली आणि ती गेली. बाहेर जीप वाजली. वेलिका पुढे बसली, ड्रायव्हरच्या शेजारी. त्या जागेवर खरं तर रांगेलनं बसायचं होतं.

गोष्ट तीनच दिवसांपूर्वीची. सोफियाहून बिस्त्रा नावाची तिशीतली पोरगी आली, ती थेट त्याचंच घर विचारत. दोल्नो झितारेवो गावात कोणालाही विचारा, हातभर उंचीचं हिरवं पीक नुसतं बघून हा गहू, ही काळ्या पावाची राय, हे त्रितिकाले असं कोण सांगेल, तर लोक रांगेलकडेच बोट दाखवायचे. बियाणं केंद्रावर चाळीस वर्षं काढली होती त्यानं. बायकांची रांग, त्यात वेलिकाही, शेतातून चालायची आणि रांगेल मागून हिंडत बियाण्याच्या पिकात शिरलेली परकी रोपं दाखवायचा. पात्याच्या बुडाशी दोन बारीक कान असतात. सातूचे कान लांब, ताटाला मिठी मारणारे. गव्हाच्या कानांवर केस. रायचे आखूड आणि लवकर झडणारे. गहू आणि रायचा संकर करून काढलेलं त्रितिकाले मात्र अर्धं बापावर, अर्धं आईवर गेलेलं, आणि तिथं भलेभले फसायचे. रांगेल फसायचा नाही. केंद्राच्या साहेबांनी त्याला भर सभेत पितळी बिल्ला दिला होता.

बिस्त्राकडे पाठीवर अडकवायचं यंत्र होतं, आणि त्याला जोडलेली नळी पिकावर धरायची असायची. पानावरून उलटणाऱ्या उजेडाचे शेकडो बारीक भाग करून ते मोजायचं, त्यात माणसाच्या डोळ्याला न दिसणारेही. "एकदा यंत्राला नीट शिकवलं, की मग आभाळातून शेतं ओळखता येतील," ती म्हणाली. "पण शिकवायला आधी खरं काय ते सांगणारं माणूस लागतं. शेतकऱ्यांना विचारून उपयोग नाही. घरचंच बी पेरतात, आणि त्यात काय मिसळलंय ते त्यांनाही माहीत नसतं."

"योग्य माणसाकडे आलीस," रांगेल म्हणाला, आणि तिला घेऊन उतारावरच्या शेतात गेला. वेलिका दुपारचं जेवण घेऊन मागून आली.

एका ठिकाणी बिस्त्रानं खुंटा ठोकला. "इथं काय आहे, काका?"

रांगेल वाकला. वाकून राहिला. पातं खाली ओढून त्यानं डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. हिवाळ्यात शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया करून घ्या. ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. शेत त्याला वर्षभर पिवळट दिसत होतं, गवत, रस्ता, बायकोचा चेहरा, सगळंच जुन्या कागदासारखं. रायच्या पात्यावर निळसर साय असते. ती त्याला दिसत नव्हती.

"त्रितिकाले," तो म्हणाला.

"राय आहे ती," वेलिका मागून म्हणाली. हळूच म्हणाली, नेहमीसारखी. त्याची नजर मंदावत चालली तशी केंद्रावरची शेवटची चार वर्षं तसंच चालायचं. ती कानाशी हळूच सांगायची आणि तो मोठ्यानं बोलायचा. त्या दिवशीही तिला वाटलं नाही की दुसरं कोणी ऐकेल.

बिस्त्रानं ऐकलं. तिनं स्वतः पातं ओढलं, भिंग लावलं, बुडाशी बोट फिरवलं. "राय आहे," ती म्हणाली. मग पुढचा खुंटा, त्याच्यापुढचा, आणि आता ती रांगेलकडे न बघता वेलिकाकडे बघून विचारत होती. वेलिका पात्यावर अंगठा फिरवायची, कधी नाकाजवळ न्यायची, कधी नुसती उभी राहून वाऱ्यात पीक कसं लवतंय ते बघायची, आणि सांगायची. अकरा सांगितले, भिंगाखाली अकराच्या अकरा बरोबर निघाले; बिस्त्राला मात्र एकेका खुंट्याला पाव तास लागला.

"मावशी, सोमवारपासून तुम्ही याल का?" बिस्त्रानं विचारलं. मग आठवण झाल्यासारखी रांगेलकडे वळली. "काका, तुम्हाला या वयात उन्हात कशाला त्रास."

रांगेल बासष्टचा होता. वेलिका साठची.

काळ्या झग्याची बातमी दुपारपर्यंत गुत्त्यात पोचली. मिन्चो गल्ल्यामागे ग्लास पुसत होता. रांगेल आत आला तशी त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," तो म्हणाला. "चांगला माणूस होता."

खिडकीजवळचे दोघं हसले.

"ग्लास भर," रांगेल म्हणाला.

"भरतो. पण तुझी विधवा आज कुठल्या शेतात आहे? माझ्या उतारावरच्या तुकड्यातही म्हणे येणार. काय चालते रे ती. पोरगी पाठीवर ओझं घेऊन मागं आणि ही पुढं, महाराणीसारखी. आणि सगळ्यांना सांगत सुटलीये, कोणाच्या शेतात काय आहे ते. माझ्या खालच्या शेतातल्या गव्हात अर्धं त्रितिकाले आहे, मला आज कळलं. तू इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं की. गेल्या वर्षी. तू म्हणालास, शुद्ध गहू आहे."

रांगेलनं राकिया, फळांची ती कडक दारू, एका घोटात संपवली. घशात जळलं ते बरं वाटलं.

घरी आता रोज तेच चालायचं. वेलिका साडेतीनला परत यायची, पाय धुवायची, आणि बोलायची. चाळीस वर्षांत ती इतकी बोलली नव्हती. आज मधूनच ढग आला आणि तासभर सगळे शेताच्या बांधावर बसून राहिले, कारण ढगाच्या सावलीत मोजलेलं फुकट जातं. दर दहा मिनिटांनी पांढरी फळी उन्हात धरून यंत्राला शुद्ध पांढरं काय असतं ते दाखवावं लागतं, आणि फळी ती धरते. दहा ते दोन एवढाच उजेड चालतो. बिस्त्रा म्हणते, मावशी, तुमचा अंगठा या यंत्राइतका भारी आहे.

"अंगठा," रांगेल म्हणाला.

"हो ना. मला हसूच आलं."

"पोरगी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतीये आणि तू चढतीयेस."

वेलिका उठली. तिनं दही आणि काकडी त्याच्यासमोर ठेवली. मग लोकरीची पिशवी काढून बसली. मार्चमध्ये मनगटाला बांधायच्या लाल-पांढऱ्या दोऱ्यांसाठी आणलेली लोकर उरली होती. तिनं वितीएवढे तुकडे कापायला घेतले.

"हे कशाला?"

"खुंट्यांना बांधायला. आदल्या दुपारी मी एकटीच जाऊन शेत बघून येते. राय असली तर लाल, त्रितिकाले असलं तर पांढरा, गहू असला तर दोन्ही पिळून. दुसऱ्या दिवशी बिस्त्रा दोरा बघून वहीत उतरवते. मला तिच्या वहीत लिहिता येत नाही, इंग्रजी आहे सगळं." ती हसली. "ती म्हणाली, ही पद्धत तिच्या निबंधात लिहिणार. माझ्या नावानं."

नावानं. रांगेलनं चमचा खाली ठेवला. पितळी बिल्ल्यावर नावसुद्धा नव्हतं, फक्त केंद्राचं चिन्ह होतं. त्याला एकाएकी ती बाई परकी वाटली. समोर बसलेली, मांडीवर लोकर घेतलेली, तोंडावर उन्हाचा तजेला आलेली. ही आपल्याच रांगेतली बाई, आपण शिकवलेली. आपण शिकवलं नसतं तर हिला सातू आणि ओटमधला फरक कळला नसता. तो हे सगळं मनात म्हणत होता, आणि त्याला माहीत होतं की पहिल्याच वर्षी, ती वीस वर्षांची पोर असताना, तिनं त्याला न विचारता रायची सात रोपं गव्हातून उपटून त्याच्या हातात दिली होती. तेव्हा त्याला तिचं कौतुक वाटलं होतं. लग्न त्यामुळंच केलं होतं म्हणा ना.

त्या वर्षी ईस्टर लवकर आला. आदल्या गुरुवारी गावातल्या बायका शेतात जात नाहीत. अंडी लाल रंगवायची, गोड पाव मळायचा. वेलिकानं बुधवारी दुपारीच मिन्चोच्या उताराच्या तुकड्यात बारा खुंट्यांना सहा लाल, सहा पांढरे दोरे बांधून ठेवले आणि बिस्त्राला सांगितलं, उद्या मी नाही, दोरे बघून उतरवून घे.

गुरुवारी सकाळी वेलिका पीठ मळत होती, कोपरापर्यंत हात बरबटलेले. रांगेल म्हणाला, जरा मेंढ्यांच्या वाड्याकडं जाऊन येतो. तो वाड्याकडे गेला नाही.

उतारावर दव होतं. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. खुंटे त्याला लांबून दिसत नव्हते, पण लाल दोरा दिसत होता. लाल रंग अजून त्याला दिसायचा. पहिल्या खुंट्याशी तो थोडा वेळ उभा राहिला. कोणी बघत नव्हतं. मग त्यानं लाल दोरा सोडला, दुसऱ्या खुंट्यावरचा पांढरा सोडला, आणि एकाचा दुसऱ्याला बांधला. बोटं थंडीनं आखडली होती. एक झालं, मग पुढचं. बाराव्या खुंट्याशी त्याला हलकं वाटलं, खोटं कशाला बोला. अगदी पोरासारखं हलकं वाटलं. आता यंत्रच सांगेल तिचा अंगठा किती भारी आहे ते.

घरी आला तेव्हा वेलिकानं पहिलं लाल अंडं टॉवेलवर ठेवलं होतं. तिनं ते उचलून रिवाजाप्रमाणे त्याच्या गालावरून फिरवलं, वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून. ते अजून कोमट होतं. तिनं त्याच्या भिजलेल्या विजारीकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी बिस्त्रा कागदांची चळत घेऊन आली. स्वयंपाकघरात बसून तिनं टेबलावर कागद पसरले. त्यावर चढत्या-उतरत्या रेघा होत्या, एकावर एक, दोन जुडग्यांत.

"बघा मावशी. ही राय, हे त्रितिकाले. इतकं सुरेख वेगळं पडलंय की मला आधी खरं वाटेना. दोनशे अठरा खुंटे, आणि सगळे आपापल्या जागी. फक्त बारा सोडून." तिनं एक कागद पुढे सरकवला. "हे बारा उलटे पडलेत. मिन्चोकाकांच्या शेतातले. एकूण एक उलटे. यंत्र चुकलंय का मी, मला कळेना. जाऊन बघू या का?"

रांगेल पावाचा तुकडा तोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

तिघंही गेले. रांगेलला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो गेला. पहिल्या खुंट्याशी वेलिका वाकली. तिनं पात्याला हात लावला नाही. तिनं दोऱ्याला हात लावला. ती नेहमी दोरा दोनदा फिरवून टोक आतून काढायची, मोजे विणताना मारतात तशी गाठ. इथं पोत्याची गाठ होती, बियाण्याच्या पोत्यांना चाळीस वर्षं मारलेली. ती दुसऱ्या खुंट्याशी गेली. तिसऱ्याशी गेली. मग सरळ उभी राहिली आणि रांगेलकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग असता तर त्याला चाललं असतं. ती नुसती बघत होती, ओळखीच्या शेतात भलतंच काही उगवलेलं बघावं तसं.

"माझीच चूक झाली," ती बिस्त्राला म्हणाली. "त्या दिवशी सणाची गडबड होती. लाल-पांढरं उलटं बांधलं."

"बाराच्या बारा?"

"हो. बाराच्या बारा."

बिस्त्रानं पेन्सिल खिशात ठेवली. तिनं वही मिटली. "मावशी, तुमच्यावर माझा विश्वास आहे हो," ती म्हणाली. "पण मला हे माझ्या वरच्यांना दाखवायचंय. ते विचारतील, बारा चुकले तर बाकीचे दोनशे सहा कशावरून बरोबर? आणि मला उत्तर नाही देता येणार. सगळे परत तपासावे लागतील, दुसऱ्या माणसाकडून."

"तपासायलाच हवेत," वेलिका म्हणाली.

"तुमचं नाव मग मी..."

"नाव राहू दे गं."

दोघं घरी आले. वेलिकानं काळा झगा काढला, घडी केली, पेटीत ठेवला. रांगेल दारात उभा होता.

"तू का म्हणालीस तसं?" शेवटी त्यानं विचारलं.

"मग काय सांगू? माझ्या नवऱ्यानं केलं म्हणून? उद्या मिन्चोच्या गुत्त्यात तुला बसता आलं असतं?" तिनं पेटीचं झाकण लावलं. "तुला ते एवढं हवं होतं तर मागायचंस, रांगेल. मी दिलं असतं."

ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त झोंबली. दिलं असतं, आणि खरंच दिलं असतं, तेही त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बिस्त्रा त्याला न्यायला आली. गावानंच सांगितलं होतं तिला, आता रांगेलकाकालाच घ्या, तो खरा जाणकार, बाईमाणसाच्या भरवशावर कशाला राहता. पहिल्या दिवशीची त्याची चूक ती विसरली नव्हती, पण गावात दुसरं कोणी जाणकार मिळत नव्हतं. रांगेलनं काळा कोट घातला. लग्नाला आणि मयतीला घालायचा कोट. एप्रिल संपत आला होता आणि कोटात घाम फुटत होता. जीपमध्ये तो पुढच्या जागेवर बसला. गावातनं जाताना मिन्चोनं दारातून टोपी हलवली. रांगेलनं हात वर केला. जे हवं होतं ते सगळं आता त्याचं होतं.

वेलिका आधीच शेतात गेली होती, कुदळ घेऊन. त्यांचा बटाट्याचा तुकडा उताराच्या पायथ्याशी होता, आणि बटाट्यांना माती चढवायची वेळ झाली होती. खुंट्यांपासून ती तीसेक पावलांवर असेल. जीप थांबली तेव्हा तिनं मान वर केली, आणि परत खाली घातली. ड्रायव्हरनं पांढरी फळी उचलली. बिस्त्रानं यंत्र पाठीवर घेतलं.

"सुरुवात इथनं करू, काका. हे काय आहे?"

रांगेल वाकला. पातं ओढलं. कान असतील तिथं त्याला नुसतं धुकं दिसलं. त्यानं अंगठा फिरवून बघितला, तिच्यासारखा. अंगठ्याला खरबरीत लागलं, पण त्याच्या अंगठ्याला चाळीस वर्षं सगळंच खरबरीत लागत आलं होतं. त्यानं पातं हुंगलं. गवताचा वास आला. दोन बोटांत पातं धरून तो बसून राहिला आणि घाम कपाळावरून नाकावर उतरला.

"काका?"

"त्रितिकाले," तो म्हणाला.

बिस्त्रानं पेन्सिल काढली.

खाली कुदळ थांबली होती. त्याला तेवढं ऐकू आलं. त्यानं मान वळवली. वेलिका कुदळीवर हात टेकून उभी होती आणि खुंट्याकडे बघत होती. तीस पावलांवरून, वाऱ्यात पीक कसं लवतंय ते बघत होती. तिला कळलं होतं. तिच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं की तो चुकलाय हे तिला कळलं होतं. आता ती बोलेल, हळूच, नेहमीसारखी, म्हणून तो थांबला. किती वर्षांनी तो मनापासून वाट बघत होता की तिनं बोलावं, भर उन्हात सगळ्यांदेखत त्याला खोटं पाडावं. वेलिकानं रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं आणि कुदळ उचलली.

पेन्सिल कागदावर टेकली.

"लिहू नकोस," रांगेल म्हणाला.

"काय झालं?"

"मला दिसत नाही." त्यानं पातं सोडून दिलं. "वर्ष झालं. डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. काही दिसत नाही मला, ना कान, ना केस. आणि ते बारा दोरे मी बदलले. सणाच्या सकाळी. ती चुकली नव्हती."

बिस्त्रा त्याच्याकडे बघत राहिली. ड्रायव्हरनं फळी खाली केली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. उन्हात कोटाची लोकर तापली होती. रांगेलला वाटलं, पोरगी आता काहीतरी लागेल असं बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"मग आता?" तिनं एवढंच विचारलं.

"आता तिला विचार."

"तुम्हीच विचारा काका," बिस्त्रा म्हणाली.

तो उठला. गुडघे कडकडले. त्यानं खाली हाक मारली. वेलिकानं मान वर केली.

"जरा वर ये," तो म्हणाला. "हे काय आहे ते सांग. मला ओळखता येत नाही."

एवढ्या लांबून तिचा चेहरा त्याला दिसणं शक्यच नव्हतं. तिनं खुंट्याकडे बघितलं असेल, त्याच्याकडे बघितलं असेल, कोटाकडे बघितलं असेल. मग ती मागे वळून राहिलेली सरी मोजल्यासारखी बघू लागली.

"सरी संपवून येते," ती म्हणाली.

सरी अजून चाळीसेक पावलं शिल्लक होती. रांगेल काळ्या कोटात खुंट्याशी उभा राहिला, शेजारी बिस्त्रा. घड्याळात सव्वा वाजला होता आणि यंत्राला दोनपर्यंतच उजेड पुरणार होता. वेलिकानं कुदळीचा वेग वाढवला नाही.